अकरा डब्यांतली फटफटी

आमच्या दादांची मोटारसायकल एकदा रात्रभर अकरा घरांत आणि पुढे एक दिवस-रात्र मारुतीच्या देवळात मुक्कामाला होती. दादा त्या वेळी कळमनुरीला ताईकडे डोळ्याला हिरवी पट्टी लावून पडलेले होते, म्हणूनच मी आज हे सांगायला शिल्लक आहे.

दादा म्हणजे माझे वडील. वय पंच्याहत्तर, आवाज पंचविशीतला. गाडी त्यांनी तरुणपणी घेतलेली, गावातली पहिली. दोन सायलेन्सर, काळी टाकी, किक आणि गिअर एकाच दांड्यावर. तिला आमच्याकडे मोटारसायकल कुणी म्हणत नाही, फटफटी म्हणतात. (फट-फट आवाज मात्र अठरा वर्षांत कुणी ऐकलेला नव्हता.) एके दिवशी ती बंद पडली, दादांनी तिला ओसरीत उभी केली, वर गोधडी घातली आणि जाहीर केलं, "मी हाय तवर हिला कोणी पाना लावायचा न्हाई." दसऱ्याला झेंडूचा हार तेवढा घालायचा, तोही दादांनीच. मी एकदा नुसतं चाकात हवा भरू का म्हणून विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. दोन-स्ट्रोक इंजिनाची आकृती मी फळ्यावर इतकी सुबक काढतो की तपासणीला आलेले साहेब मोबाइलवर तिचा फोटो काढून घेऊन गेले. हा माझा यांत्रिक क्षेत्रातला एकूण अनुभव. पण माणसाला एकदा शाबासकी मिळाली की तो ती जन्मभर चुकीच्या ठिकाणी वापरत राहतो!

झालं असं, की दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी धूर-धूळ टाळायला सांगितली. आमच्या घरी या दोनच गोष्टी मुबलक. म्हणून ताई त्यांना महिनाभरासाठी कळमनुरीला घेऊन गेली. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. दादा नवे डोळे घेऊन घरी येतील, ओसरीत पाय ठेवतील, आणि समोर काय? चकचकीत, चालू फटफटी! दादांचे नवे डोळे भरून येतील, मला जवळ घेतील. (दादांनी मला शेवटचं जवळ घेतलं ते मी पोलिओचा डोस घेताना.)

बायकोला, म्हणजे वर्षाला, मी हा बेत सांगितला. ती ज्वारी निवडत होती. वर न बघताच तिनं विचारलं, "त्यायला इचारलं का?"

"सरप्राइज विचारून देतात का कुणी?"

"मंग काहून घाम येऊन राहिला तुमाला?"

संक्रांतीच्या सुट्टीत मी मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि कामाला लागलो. खोलणं इतकं सोपं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. नट फिरला तर फिरला, नाही फिरला तर हातोडी होतीच. दुपारच्या जेवणापर्यंत फटफटीची फक्त चौकट उभी होती आणि बाकी सगळी ओसरीभर पसरलेली होती. व्हिडिओतला माणूस मोठा शिस्तीचा. तो बजावून सांगत होता की प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढा, बारीक सामान वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, आणि गंजू नये म्हणून वर तेल घाला. शिस्तीच्या बाबतीत मी कुणाला ऐकणार नाही. फोटो काढले. तेल आणलं. राहता राहिले डबे.

खाटेखाली एक खोकं होतं. आत चाळीस छोटे स्टीलचे डबे, झाकणाचे, प्रत्येक आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत. ते वर्षानं जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून हळदी-कुंकवाचं वाण म्हणून घासाघीस करून आणलेले होते, हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू? पण हळदी-कुंकू रथसप्तमीच्या दिवशी आहे, तोवर आपली गाडी जोडून होईल, डबे घासून पुसून परत ठेवू, असा माझा हिशेब. कार्यक्रम अलीकडे आणून शनिवारी ठेवल्याचं वर्षानं मला सांगितलं होतं म्हणे. मी "हं" म्हणालो होतो म्हणे. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी किती हजार वेळा "हं" म्हणालो असेन, त्यातला हा नेमका महागात पडला.

तर मी अकरा डबे घेतले. एकात कार्ब्युरेटरचं बारीक सामान, एकात बेअरिंगच्या गोळ्या, एकात क्लचच्या स्प्रिंगा, एकात इंजिनाचे नट, असं करत अकरा भरले. वर काळं तेल. झाकणं घट्ट लावली. तेल गळू नये म्हणून प्रत्येक डबा पुन्हा त्याच्या पिशवीत घातला, पिशवीला तशीच गाठ मारली आणि धूळ बसू नये म्हणून सगळे परत खोक्यात, ओळीनं. बाहेरून बघितलं तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं की यातले कोणते भरलेले आणि कोणते रिकामे. माझी टापटीप अशी!

शनिवारी सकाळची शाळा झाल्यावर वर्षानं मला घराबाहेर काढलं, बायकांचा कार्यक्रम आहे, पुरुषमाणूस आत नको. मलाही टाकीला रंग आणायचा होता, मी हिंगोलीला गेलो. संध्याकाळी परत आलो तर वर्षा फुललेली. इतकं चांगलं हळदी-कुंकू गल्लीत कुणाचं झालं नाही म्हणाली. सगळ्या बायकांनी वाणाचं कौतुक केलं. डबे लई वजनदार हायेत, जाड पत्र्याचे हायेत, आजकाल असा माल मिळत न्हाई, असं पारूकाकूनं चारचौघींत म्हटलं. पारूकाकू म्हणजे आमच्या शेजारीण, गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या. त्यांनी आजवर स्वतःच्या सुनेचंही कौतुक केलेलं नाही. मीही वर्षाला म्हणालो, वा, तुझी निवडच तशी आहे. आणि वर दोन तिळाचे लाडू खाल्ले. डोक्यात काही पेटलं का? नाही. मी विज्ञान शिकवतो.

रविवारी सकाळी गाडी जोडायला घेतली. पहिला डबा काढायला खोक्यात हात घातला तर खोक्यात दोनच डबे. दोन्ही रिकामे. मी खोकं उलटं करून बघितलं, मग खाट उचलून बघितली, मग उगाचच पुन्हा खोक्यात बघितलं.

वर्षा चहा घेऊन आली. मी तिला अडखळत सगळं सांगितलं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मी म्हणालो, घाबरू नको, अकरा घरं आहेत, मी जाऊन डबे परत मागून आणतो.

"वाण परत मागतेत का कुटं?" ती खाली बसत म्हणाली. "सवाष्णीला दिलेलं वाण! तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला?"

मग आम्ही तोड काढली. डबा त्यांचा, आतलं आपलं. आतलं मागायला काय हरकत? मी पायात चप्पल घातली आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून पारूकाकूंचा आवाज आला. आवाज रोजच्यापेक्षा खाली होता, म्हणजे प्रकरण गंभीर.

"वर्षा, मी तुझं काय वाकडं केलं गं?" काकू म्हणाल्या. "शनवारचा दिवस, तेलात बुडवलेलं लोखंड, अन् ते वाण म्हणून सवाष्णीच्या पदरात? सासऱ्याच्या डोळ्याची साडेसाती उतरवायला तुला माझंच घर सापडलं व्हय?"

आणि तेव्हा मला उमगलं की आपण केलंय काय. शनिवार. तेल. लोखंड. शनीची पीडा टाळायला माणसं जे दान करतात, तेच मी पिशवीत घालून, गाठ मारून, गल्लीतल्या अकरा घरी पोचवलं होतं, आणि तेही माझ्या बायकोच्या हातून, हळद-कुंकू लावून! त्यात आमच्या घरी नुकतंच डोळ्याचं दुखणं. आलेल्या अडतीस बायकांतल्या सत्तावीसजणींना रिकामे डबे आणि अकराजणींनाच लोखंड. अकरा हा आकडा मारुतीचा, हेही कुणीतरी शोधून काढलं. आता हे ठरवून केलेलं नाही असं कोण म्हणणार होतं? खरं म्हणजे मलाच क्षणभर संशय आला.

काकूंना मी समजावायला गेलो. म्हणालो, काकू, ते फटफटीचं सामान आहे. काकूंनी मान उडवली. फटफटीला दादा हात लावू देत नाहीत हे अख्ख्या गावाला पाठ. तेव्हा मी ती खोलली असेल, यापेक्षा मी शनी उतरवला असेल हेच लोकांना जास्त पटण्यासारखं होतं.

मग मी घरोघर फिरलो. एका घरात बेअरिंगच्या गोळ्या पुसून देव्हाऱ्यापुढं ठेवलेल्या, घरी राहू द्याव्या की बाहेर टाकाव्या याचा निर्णय व्हायचा होता. तेवढ्याच परत मिळाल्या. बाकी दहा घरी डबा घासून उपडा घातलेला आणि आत काहीच नाही. बायकांनी वेळ घालवला नव्हता. शनीवर उतारा एकच, मारुती. कुणी शनिवारीच दिवेलागणीला, कुणी रविवारी उजाडता उजाडता, सगळं लोखंड नेऊन देवळाच्या पायरीवर वाहून आलेल्या होत्या. आणि वाहायचंच आहे तर नुसतं तेवढंच कशाला, म्हणून घरातलं नको असलेलं, अपशकुनी वाटणारं, बंद पडलेलं सगळं लोखंड त्यांनी त्याच खेपेला सोबत नेलेलं. मी देवळापुढं पोचलो तेव्हा तिथं गुडघ्याएवढा ढीग. त्यात कुलपं, बिजागऱ्या, कुकरची शिट्टी, शिलाई मशीनचं काहीतरी, मोडका अडकित्ता, आणि त्या सगळ्यात कालवलेली आमच्या दादांची फटफटी. वर रुईची पानं आणि उडीद.

मी पिशवी उघडून वाकलो तर मागून गुरवमामांनी खाकरून थांबवलं. देवाला वाहिलेलं परत नेत नसतात, म्हणाले. वाण परत मागता येत नाही हे सकाळी कळलं होतं, आता हे. मी हातापाया पडलो. मामांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "सर, हे लोखंड जो घरी नेईल त्याच्यासंगं पीडा बी जाती. काहून तकलीफ घेऊन राहिले?"

"मामा, ती पीडा माझीच आहे," मी म्हणालो. "मला ती परत पाहिजे."

मामांना माझी दया आली असावी. त्यांनी मार्ग सांगितला: मारुतीला तेल, रुईची माळ, नारळ आणि अकरा प्रदक्षिणा, त्याही सोमवारी सकाळी अंघोळ करून, अनवाणी. आता आमचं देऊळ आणि आमची शाळा यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. आणि मागच्याच महिन्यात मी त्या शाळेच्या पटांगणात अंधश्रद्धेवर पाऊण तास भाषण ठोकलेलं. सोमवारी प्रार्थना सुटली आणि अख्खी सातवी कुंपणाच्या भिंतीवर चढली. माझ्या प्रदक्षिणा त्यांनी मोठ्यानं, तालात मोजल्या. नवव्या फेरीला त्यांच्यात मतभेद झाला, म्हणून मी एक जास्तीची घातली. पोतं भरलं, खांद्यावर टाकलं आणि कुणाकडेही न बघता घरी आलो.

ओसरीत पोतं ओतलं आणि ढिगापुढं बसलो. यातलं गाडीचं कोणतं आणि कुकरचं कोणतं? तेल लागल्यावर सगळं लोखंड भाऊबंद दिसतं. दादा बुधवारी यायचे होते. माझ्या हाताशी एक दिवस, अठरा वर्षं जपलेली गाडी आणि गल्लीभरचं भंगार. दादांची गाडी गेली, या एकाच विचारानं मला मंगळवारी पहाटे जाग आली. मी शाळेत आठवडाभराची रजा कळवली आणि बसून एकेक तुकडा व्हिडिओतल्या चित्राशी जुळवायला लागलो. दुपारी बारापर्यंत मी क्लचची एक स्प्रिंग ओळखली. ती वर्षानं उचलून बघितली आणि म्हणाली, ही दाराच्या कडीची हाय.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मेहुणे जवळा बाजारला सोयाबीन घेऊन निघाले होते, दादा त्यांच्यासोबत एक दिवस आधीच आले. काळा चष्मा, डोक्याला रुमाल, हातात ताईनं दिलेला डबा. ओसरीच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला आणि थांबले. माझी एकच आशा होती, ऑपरेशनला महिनाच झालाय, अजून अंधुक दिसत असेल. दादांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

"डॉक्टर बराबर म्हणला व्हता," ते म्हणाले. "सगळं साफ दिसंल."

सगळं वर्षानंच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. तिनं थोडं लपवलं असतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. दादा ऐकत होते, फटफटीच्या उघड्या चौकटीकडं बघत होते. मी मार खायचीही तयारी ठेवली. वय बेचाळीस, पण त्या घटकेला मी चौथीत होतो. दादांनी डोक्याचा रुमाल सोडून खुंटीला अडकवला. मग वर्षाला म्हणाले, "सूनबाई, परात आण. मोठी."

परातीपुढं पाट घेऊन ते बसले आणि निवडायला लागले. ज्वारीतले खडे काढावे तसं. हे गल्लीतल्या मंगलच्या शिलाई मशीनचं. हे कुकरचं. हे गिरणीचं. हा नट गाडीचा. हा बी गाडीचा. अठरा वर्षांनी हातात घेतलेला एकेक तुकडा ते तर्जनीनं पुसायचे, उजेडाकडं धरायचे आणि बाजूला ठेवायचे. दिवे लागायच्या आत फटफटी एकीकडं आणि गल्ली एकीकडं झाली. एकही तुकडा कमी नव्हता! मी तिथल्या तिथं मारुतीला मनात नमस्कार केला, आता भिंतीवर सातवी नव्हती.

बुधवारभर आम्ही गाडी जोडली. दादांना डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेली, म्हणून ते पाटावरून सांगायचे आणि मी करायचो. "डावीकडं. आरं, तुझ्या डावीकडं न्हाई, गाडीच्या." असं करत कार्ब्युरेटरपर्यंत आलो. त्यात पेट्रोल किती येऊ द्यायचं ते ठरवणारा एक पितळी गोळा असतो. दादा म्हणाले, तो असा बसव. मी म्हणालो, दादा, तो तसा नव्हता, उलटा होता. ते म्हणाले, शक्य न्हाई. मी मोबाइल काढला आणि खोलण्याआधीचा फोटो त्यांच्यापुढं धरला.

दादांनी फोटो बघितला. मोबाइल जवळ नेला, लांब नेला. मग मान खाली घालून हसायला लागले. इतके हसले की वर्षा धावत आली, डोळ्याला ताण पडंल म्हणून.

"तो मीच बसवलेला," दादा शेवटी म्हणाले. "अठरा सालामागं. गाडी अडखळत व्हती म्हून खोलली, परत लावली, तर चालूच होईना. चारदा खोलली. गावातली पहिली गाडी माझी, अन् मलाच बसवता येईना. कोणाला सांगू? म्हून म्हणलं, कोणी हातच लावू नका."

मला इतकं हायसं वाटलं की मी पान्यासकट खाली बसलो. अठरा वर्षं ज्या बंदीला घर घाबरून होतं ती एवढ्याशा गोळ्यावर उभी होती! दादांनाही बरं वाटलं असावं, कारण त्यांनी स्वतःच्या हातानं तो गोळा सरळ बसवला आणि चहा मागितला.

गुरुवारी सकाळी पेट्रोल घातलं. दादांनी मला किक मारायला लावल्या, सतरा मारल्या. अठराव्या किकेला फटफटी खोकली, निळा धूर सोडला आणि फट-फट-फट सुरू झाली. गल्लीतली दारं उघडली. पारूकाकू कुंपणापाशी आल्या, आवाज ऐकत उभ्या राहिल्या, आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजे ते खरंच गाडीचंच व्हतं व्हय गं, वर्षा?" वर्षानं मान हलवली आणि दोघीही हसता हसता डोळे पुसायला लागल्या. बाकी बायका आपापलं कुलूप, शिट्टी परत घ्यायला रांगेत उभ्या.

दादा गाडीवर बसले. देवळापर्यंत गेले, वळले, परत आले. डॉक्टरांना कळवू नका असं त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना बजावलं. मग खाली उतरले, टाकीवरून हात फिरवला आणि मला हाक मारली. सगळी गल्ली बघत होती.

"आजपासून ही गाडी तुह्याकडं," दादा म्हणाले.

माझा ऊर भरून आला. मी सदऱ्याची बाही सावरली, चावीसाठी हात पुढं केला. दादांनी माझ्या हातावर फडकं ठेवलं.

"पुसायला."

मी तेव्हापासून रोज पुसतो. बाहेरून.